अनुभव धागा: घरच्या व्हिडिओ संपादनासाठी बेताच्या पैशांत जुळवलेला संगणक

जुनी_पेटी
रविवारी माळा आवरताना मिनी-डीव्ही कॅसेटची पिशवी हाती लागली आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाचे चित्रण स्वतःच जोडायचे या हट्टापायी 2006 साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक-बाजारात दिवसभर पायपीट करून जुळवलेला संगणक डोळ्यांपुढे उभा राहिला. ग्राफिक्स कार्डाची महती ऐकून मी निम्मे पैसे त्यातच घातले आणि डिस्क मात्र 80 जीबीची घेतली. एका तासाच्या कॅसेटला सुमारे 13 जीबी जागा लागते, हे गणित सहा कॅसेट बाळगणाऱ्या माणसाने आधी करायला हवे होते. शिवाय कॅमेऱ्यातले चित्रण संगणकात उतरवायला लागणारे फायरवायर कार्ड विसरलो, ते आणायला दुसऱ्या दिवशी पुन्हा लोकल पकडली. आपले पैसे कुठे सार्थकी लागले आणि कुठे वाया गेले, ते अवश्य लिहावे.

आळशी_बोका
2021 साली ग्राफिक्स कार्डांचे भाव आभाळाला टेकले होते, म्हणून कार्ड नंतर घेऊ असे ठरवून मी इंटेलचा प्रोसेसर घेतला आणि थोडे पैसे वाचतात म्हणून नावाच्या शेवटी 'एफ' असलेला निवडला. त्यात अंगचे ग्राफिक्स नसते हे मला ठाऊक नव्हते, त्यामुळे पडद्यावर चित्रच उमटेना. मोबाइलचे चित्रण सहज उलगडणारी क्विक सिंकची सोय गेली ती वेगळीच.

खिडकीपाशी
बोकेराव, त्याच एका अक्षरापायी आमच्याकडचा नवा मॉनिटर सदोष समजून दोनदा परत गेला होता. दुकानदार अजून मला पाहून हसतो.

शाळामास्तर
मी नवे यंत्र घेतलेच नाही. स्नेहसंमेलनाचे मोबाइलवर घेतलेले फोर-के चित्रण जुन्या लॅपटॉपवर पुढे सरकेना, तेव्हा 8 जीबी रॅमच्या जोडीला आणखी 8 जीबी बसवली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातली आणि मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, रात्रभर तयार करून संपादन त्यांच्यावर केले. अंतिम फाइल मूळ चित्रणावरूनच बनते, त्यामुळे दर्जा कमी होत नाही. थोडा धीर तेवढा धरावा लागतो.

नाशिककर_ताई
मास्तर, हा धीर आमच्याकडे वीज मंडळावर अवलंबून असतो. तीन तासांचे रेंडर, म्हणजे अंतिम फाइल बनवण्याचे काम, शेवटच्या टप्प्यात असताना वीज गेली, आणि दुसऱ्याच दिवशी मी हव्या असलेल्या ग्राफिक्स कार्डाचा विचार सोडून यूपीएस घेतला. त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

उंबरठा
विंडोजचे पैसे वाचवायला लिनक्स घातले, पण तिथे डाविंची रिझॉल्व या संपादन-प्रोग्रामच्या मोफत आवृत्तीत माझ्या कॅमेऱ्याच्या एच.264 प्रकारच्या व्हिडिओ फाइल उघडेनात. केडेनलाइव्ह या दुसऱ्या संपादन-प्रोग्रामवर आलो, आता तिथेच रमलो आहे.

आळशी_बोका
पेटीकाका, त्या कॅसेट उतरवायला फायरवायर लागेलच, तेव्हा तो जुना संगणक भंगारात देऊ नका.

जुनी_पेटी
उशीर झाला, बोकेराव. तो मागच्या दिवाळीत सोसायटीच्या ई-कचऱ्यात गेला. फायरवायर कार्ड तेवढे मी आठवणीने काढून ठेवले होते. पण ते जुन्या पीसीआय खाचेचे आहे, आणि नव्या मदरबोर्डवर ती खाचच नाही.