छोट्या ट्रॅक्टरच्या चाकांना साखळ्या: चिखलाच्या चढावर उपयोग होईल का?

डोंगरवाट (खानापूर तालुका)

नमस्कार. जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या बाजूला आमची भातशेती आणि थोडी काजूची बाग आहे. माझ्याकडे २४ अश्वशक्तीचा फोर व्हील ड्राइव्ह छोटा ट्रॅक्टर असून, वस्तीपासून शेतापर्यंतच्या वाटेवर पावसात वाहून आलेला गाळ मी त्याच्या मागे ब्लेड जोडून बाजूला सारतो. वाट जांभ्याची आणि चढाची आहे. पाऊस लागला की तिच्यावर बोटभर जाडीचा लाल, गुळगुळीत चिखल बसतो आणि ब्लेड टेकवून चढ चढू लागताच मागची चाके जागच्या जागी फिरू लागतात.

हिमाचल आणि काश्मीरमध्ये बर्फ सारणाऱ्या गाड्यांच्या चाकांना साखळ्या बांधतात. तशा साखळ्या येथे बांधल्या तर पकड मिळेल का? त्याच साखळ्यांवर चिखलणीही करता आली तर केजव्हील (चिखलणीसाठी लावतात ती पिंजऱ्यासारखी लोखंडी चाके) घ्यावी लागणार नाहीत. टायर शेतीचेच, उंच तिरक्या पट्ट्यांचे आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माजी सैनिक (बेळगाव)

मी सैन्यात वाहनचालक होतो आणि लडाखच्या बर्फाळ रस्त्यांवर साखळ्या बांधून गाड्या चालवल्या आहेत, म्हणून तेथील अनुभव सांगतो. बर्फावर साखळी उपयोगी पडते, कारण गाडीचे सारे वजन साखळीच्या अरुंद कड्यांवर येते आणि ती कडी दाबून बसलेल्या बर्फात किंवा खालच्या कठीण थरात रुततात. म्हणजे कड्यांना रुतून धरण्यासाठी वरच्या निसरड्या थराखाली काहीतरी घट्ट असावे लागते. आपल्या वाटेवर तसा जांभा आहे, त्यामुळे तेथे साखळीचा फायदा निश्चित होईल. भाताच्या खाचरात मात्र खाली बराच खोलवर मऊ मातीच असते. तेथे साखळी बांधलेले चाक फिरले की ते स्वतःसाठी खड्डा खणते आणि ट्रॅक्टर पोटावर टेकतो. म्हणून चिखलणीसाठी आपण साखळीचा विचार सोडून द्यावा.

साखळी मागच्या चाकांना बांधावी. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांवरच असतात, त्यामुळे उतारावर ट्रॅक्टर आवरायचा तर पकड मागे हवी. फक्त पुढच्या चाकांना साखळी बांधून उतार उतरणे धोक्याचे आहे, कारण मागचा भाग बाजूला घसरून ट्रॅक्टर आडवा होऊ शकतो. उतरतानाही फोर व्हील ड्राइव्ह चालू ठेवावा, म्हणजे इंजिनाचा रोध चारही चाकांना मिळतो. साखळी बांधल्यावर थोडे अंतर चालवून थांबावे आणि ती पुन्हा ताणून घ्यावी. पहिल्या ताणात राहिलेली ढिलाई तेवढ्यात बाहेर येते. डांबरी रस्ता लागण्यापूर्वी ती काढावी, नाहीतर रस्ता, साखळी आणि टायर या तिन्हींचे नुकसान होते.

डोंगरवाट (खानापूर तालुका)

सुभेदार साहेब, मनापासून आभार. (आपला हुद्दा ठाऊक नाही, आदराने तसे म्हणतो.) साखळी कोणत्या प्रकारची घ्यावी, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

वर्कशॉप (निपाणी)

साखळीची वीण आपल्या टायरसाठी फार महत्त्वाची आहे. शिडीसारख्या, फक्त आडव्या साखळ्यांच्या संचातील आडवी साखळी शेतीच्या टायरवर दोन उंच पट्ट्यांच्या मधल्या खाचेत जाऊन बसते. मग ती जमिनीला नीट टेकतच नाही आणि पैसे वाया जातात. ही वीण सपाट नक्षीच्या टायरला ठीक. आपल्याला चौकटी पडणाऱ्या जाळीदार विणीची साखळी लागेल, कारण तिच्यातील उभे तुकडे आडव्या साखळ्यांना खाचेत उतरू देत नाहीत. आडव्या उतारावर बाजूला घसरणेही या विणीने अधिक रोखले जाते.

घेण्यापूर्वी चाक आणि मडगार्ड यांमधील अंतर मोजावे, तसेच आतल्या बाजूला लिफ्टचे दांडे आणि ब्रेकचे दुवे किती जवळ आहेत ते पाहावे. अंतर कमी असेल तर चाके उलटी बसवून मागच्या दोन चाकांमधील अंतर वाढवता येते का, याची चौकशी करावी. सुटलेले टोक मडगार्ड फाडते. वेगात ते चालकाच्या अंगावरही येऊ शकते.

तथापि, साखळीवर खर्च करण्यापूर्वी वजनाकडे पाहावे, असे माझे ठाम मत आहे. छोटा ट्रॅक्टर मुळात हलका असतो, आणि चाके घसरण्याचे पहिले कारण बहुधा तेच असते. मागच्या टायरमध्ये सुमारे ७५ टक्क्यांपर्यंत पाणी भरावे. व्हॉल्व्ह सर्वांत वर ठेवून तेथपर्यंत भरले की प्रमाण साधारण बरोबर येते. बर्फाच्या प्रदेशात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात, पण आपल्याकडे त्याची गरज नाही. डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरायला लावणारी कळ) चाक घसरू लागण्याआधी, सरळ जाताना लावावा आणि वळण्यापूर्वी सोडावा. फिरत्या चाकावर तो लावल्यास दाते तुटू शकतात.

भातशेती (येळ्ळूर)

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. चिखलणीसाठी केजव्हीलच घ्यावीत. त्यांचा रुंद लोखंडी घेर चाकाला मऊ मातीत तरंगते ठेवतो आणि त्याच वेळी चिखल कालवतो. हे काम साखळीकडून होणार नाही. आमच्याकडे बासमतीच्या शिवारात, जेथे तळ लवकर लागत नाही, तेथे हा फरक डोळ्यांना दिसतो. केजव्हीलसह डांबरी रस्त्यावर मात्र जाऊ नये.

एक इशारा कळकळीने देतो. साखळीमुळे पकड वाढली की आणखी एक धोका वाढतो. मागची चाके खड्ड्यात अडकलेली असताना पुढच्या गिअरमध्ये जोर लावला, तर चाक फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचे तोंडच वर उचलले जाऊन तो मागे उलटू शकतो. पूर्वी चाक घसरत असे, म्हणून हा जोर वाया जात होता. आता तो वाया जाणार नाही. अडकल्यास ब्लेड उचलून रिव्हर्सनेच बाहेर यावे, आणि चढावर ब्लेड एकदम खोल न टेकवता गाळाचे पातळ थर काढावेत. शक्य असेल तेथे गाळ वरून खाली सारत यावे, म्हणजे चढताना ट्रॅक्टर मोकळा राहतो. वाटेच्या वरच्या कडेने चर खणून पाणी ओढ्याकडे वळवले, तर सारण्यासारखा गाळही कमी येईल.

डोंगरवाट (खानापूर तालुका)

प्रथम टायरमध्ये पाणी भरून आणि चर खणून पाहतो. चढावर तरीही चाके फिरली, तर जाळीदार विणीची साखळी मागच्या चाकांसाठी घेईन. चिखलणीसाठी केजव्हीलची चौकशी आजच सुरू करतो.