मजलिस, इत्तेहाद आणि रझाकार

टाकसाळ : आमचे आजोबा लातूरकडचे. त्यांच्या तोंडी 'रझाकार' म्हणजे लुटारू. उर्दू शिकायला लागलो तर अर्थ निघाला 'स्वयंसेवक'! हे कसं झालं? आणि मजलिस, इत्तेहाद, रझाकार एकच का?

दौतलेखणी : नाही. 'मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन' ही संघटना 1927 साली हैदराबाद संस्थानात निघाली, निजामाच्या मर्जीनं. रझाकार हे तिचं पुढे उभं राहिलेलं सशस्त्र दल. मराठी आठवणींत तिलाच नुसतं 'इत्तेहाद' म्हटलेलं सापडतं.

मजलिस म्हणजे बैठक. अरबीत ज-ल-स म्हणजे बसणे. जुन्या महजरांतलं (म्हणजे निवाडापत्रांतलं) 'हाजिर मजालसी' हेच, आणि सत्यशोधकांचा जलसाही त्याच घरचा. इत्तेहाद म्हणजे ऐक्य. सुरुवातीचं काम धार्मिक-सामाजिक होतं. 1938 साली बहादूर यार जंग अध्यक्ष झाले आणि राजकारण पुढे आलं. वक्ता जबरदस्त. 1944 साली वारले.

आता रझाकार. 'रझा' म्हणजे संमती, राजीखुशी. आपली सुट्टीची रजा, राजीनामा, नाराज, सगळे त्याच मुळाचे. स्वखुशीनं काम करतो तो रझाकार. पण 1946 साली लातूरचा वकील कासिम रझवी मजलिसचा अध्यक्ष झाला, आणि या 'स्वयंसेवकां'नी गावं लुटली, जाळली. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन, म्हणजे संस्थानावर भारतीय लष्कराची कारवाई झाली. मराठवाड्यात शब्दाचा अर्थ ठरला तो याच काळात.

जुनीवही : 'ही काय रझाकारी लावलीय?' हा वापरही नोंदवा, कोशातल्या अर्थावर भागणार नाही. बांगलादेशात 1971 पासून रझाकार म्हणजे पाकिस्तानी लष्कराला सामील झालेला फितूर. पाकिस्तानात मात्र अजून साधा स्वयंसेवक.

टाकसाळ : मग आजचा 'एमआयएम' पक्ष?

दौतलेखणी : 1957 साली रझवी तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेला. सूत्रं आली अब्दुल वाहिद ओवेसी या वकिलांकडे. (वाहिद आणि इत्तेहाद, दोन्हींचं मूळ 'एक'!) त्यांनी नावाआधी 'ऑल इंडिया' लावलं, भारतीय संविधान मानून निवडणुकांचा रस्ता धरला. मुलगा सलाहुद्दीन 1962 साली आमदार, 1984 साली हैदराबादचे खासदार. 2004 पासून ती जागा असदुद्दीन यांच्याकडे.

जुनीवही : नांदेड महापालिकेत 2012 साली त्यांचे 11 नगरसेवक आले, तेव्हापासून आमच्याकडे सगळे 'एमआयएम'च म्हणतात. 'मजलिस' म्हणतात ते उर्दू पेपर वाचणारे. आणि 'रझाकार' ऐकू येतं ते विरोधकांच्या प्रचारसभांत.