विषय: मे महिन्यात केळशीला गोधड्या, कोण कोण येणार?

सप्रेम नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर आम्ही चौघी मागे रेंगाळलो होतो, तेव्हा निघालेला विषय सगळ्यांपुढे ठेवते. प्रत्येकीच्या घरी एक तरी बॅग अशी आहे, जिच्यात आईच्या, सासूबाईंच्या जुन्या साड्या आहेत. नेसवत नाहीत आणि टाकवतही नाहीत.

मी गेली दोन वर्षं दर गुरुवारी इथे अमेरिकेत वाचनालयातल्या शिवणगटात जाते. तिथल्या बायका उरलेल्या तुकड्यांची पांघरुणं शिवून आजारी मुलांना देतात. इकडे 'प्रोजेक्ट लायनस' ही संस्था १९९५ पासून हेच काम करतेय. वर तुकड्यांचा थर, मधे कापसाची पातळ पट्टी, खाली अस्तर. ते शिवताना मला सारखी आजीची गोधडी आठवते.

मे महिन्यात मी तीन आठवडे कोकणात केळशीला सासरी आहे. आणखी दोघी येतो म्हणाल्या. तिथल्या बायकांबरोबर बसून गोधड्या कराव्यात आणि ज्यांना गरज आहे त्यांना द्याव्यात असं मनात आहे. २३ किलोच्या दोन बॅगांपैकी एक अख्खी साड्यांची आणता येईल. किती होतील, कुणाला द्यायच्या, काय आणू? केळशीच्या काकू या ईमेल-यादीवर आहेत. काकू, तुम्ही सांगाल तसं करू.

केळशीची सून

*

प्रिय सूनबाई आणि मंडळी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ये, जरूर ये. आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आठजणी मावतात. पण साड्या भरायच्या आधी माझं पूर्ण ऐकून घे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आम्ही अमेरिका सोडून इथे राहायला आलो त्याला दीड वर्ष झालं होतं. दुपारी दोन-तीन तासांत आमच्या आळीतल्या बहुतेक घरांची कौलं आणि पत्रे गेले, पोफळी आडव्या झाल्या. पण त्यानंतर जे हाल झाले ते पांघरुणांचे, आणि ते कुणी फारसं सांगत नाही. वादळ जूनच्या सुरुवातीला आलं, म्हणजे मागोमाग पाऊसच. भिजलेलं अंथरूण वाळवायला ऊन नाही, वीज नाही, आणि छपरावर ताडपत्री. लहान मुलं दमट गोणपाटावर निजली.

मग मदत आली. चांगली मदतही पुष्कळ आली, पण एका संस्थेची जुन्या कपड्यांची गाडी शाळेच्या व्हरांड्यात रिकामी करून गेली. फाटके कुर्ते, चेन तुटलेल्या जीन्स, लग्नातले शरारे. दोन दिवस बायका त्यात हात घालून बघत होत्या. घेण्यासारखं थोडंच निघालं, बाकी ढीग महिनाभर तिथेच भिजत पडला. तो ढीग बघून मला रडू आलं होतं. देणाऱ्याच्या कपाटातली अडचण आमच्या शाळेत आणून टाकली होती.

आमच्या पाचजणींचं काम त्या ढिगातून सुरू झालं. आम्ही त्यातलं सुती तेवढं वेगळं काढलं, घरी नेऊन धुतलं, आणि दसऱ्यानंतर ऊन पडल्यावर गोधड्या घातल्या. पहिल्या वर्षी अकरा झाल्या.

त्या अकरातली एक घेऊन मी वाडीतल्या एका म्हातारीकडे गेले. तिनं हात लावून बघितलं, उलटी केली, आणि परत दिली. म्हणाली, "बाय, ह्यात कुनाचं कापड हाय ते तुला तरी म्हाईत हाय काय? मेल्या मानसाचं असंल तर माज्या अंगावर नको." मला आधी वाईट वाटलं. घरी येऊन विचार केला. माझ्या घरची गोधडी मला प्रिय आहे, कारण तिच्यात माझ्या आईचं लुगडं आहे. तिच्यासाठी ते कुणा अनोळखी बाईचं जुनेर. तिचं काय चुकलं?

तेव्हापासून आमचा नियम झाला: वर आणि खाली कोरं कापड, जुनं फक्त पोटात. आणि द्यायच्या आधी घरी जाऊन सांगायचं, आत काय आहे, कुणाचं आहे. दुसऱ्या वर्षी त्याच म्हातारीनं मागून घेतली.

आता हिशेब. नऊवार लुगडं म्हणजे २७ फूट. लांबीत चार घड्या घातल्या की पावणेसात फूट, रुंदी लुगड्याच्या पन्ह्याएवढी. एका माणसाचं पांघरूण. जुन्या बायका हिला चौघडी म्हणतात ते याच चार घड्यांमुळे. आपल्याला वर-खाली नवं लावायचंय, म्हणून आत दोनच थर पुरे. म्हणजे एका नऊवारीत दोन गोधड्यांचं पोट भरतं. साडेपाच मीटरची साडी असेल तर एकीचं भरून साडेचार फूट उरतं, ते कडेच्या पट्ट्यांना येतं.

चारपेक्षा जास्त थर मी कुणाला घालू देत नाही. ऊबदार होईल, जाड होईल म्हणून सगळ्यांना मोह होतो. पण ती धुणार कोण? विहिरीवर भिजली की जाड गोधडी दोघींना पिळावी लागते, आणि श्रावणात आठ दिवस माळ्यावर लोंबत राहिली की तिला भुरी येते, वास येतो. एकदा वास आला की ती पोत्यासारखी दारात जाते. आपल्याकडे थंडी ती केवढी! इथे पांघरूण लागतं ते ओलीसाठी.

तुझ्या गटातल्यासारखी मधे कापसाची पट्टी नको, त्याचंही हेच कारण.

साड्या सुतीच हव्यात. सिंथेटिक साडी सुईखाली सरकते, घामाला चिकटते, आणि सुतीबरोबर शिवली तर पहिल्याच धुण्यात सुती आटते, ती आटत नाही. सगळी गोधडी सुरकुत्या धरते. जरीचे काठ उसवून ठेव, टोचतात. टिकल्या, मणी, आरसे अजिबात नकोत. आणि आणायच्या आधी एकेक साडी वेगळी धू. लाल आणि मोरपंखी दोन-तीन धुण्यांपर्यंत रंग सोडतात, पाणी निवळ येईपर्यंत धू.

खळ्यात सारवणावर चटया टाकून आधी अस्तर ताणून पसरायचं, कडांवर वरवंटे ठेवायचे, मग एकेक थर हातानं सारखा करत घालायचा. लांब कच्च्या टाक्यांनी सगळं धरून घ्यायचं. मग कडेपासून धावदोरा घालत आत यायचं, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. चौघी चार बाजूंना बसतो. मधे पोचेपर्यंत गुडघे एकमेकींना लागतात. चौघींच्या हाताला रोज तीन तास मिळाले तर पाच दिवसांत एक होते. तुम्ही तीन आठवडे आहात, तेव्हा चार-पाच धरून चाल. वीस-पंचवीसचा आकडा मनात असेल तर तो सोड.

काकू

*

मंडळी, नमस्कार.

मी नवजात बाळांच्या विभागात परिचारिका आहे, म्हणून एवढंच लिहिते. गोधड्या तान्ह्या बाळांना द्यायचं कुणाच्या मनात असेल तर थांबा. अमेरिकन बालरोग अकादमीचं सांगणं आहे की पहिलं वर्षभर बाळ निजतं तिथे सैल पांघरूण, उशी, मऊ गादी काहीही ठेवू नये. श्वास कोंडण्याची भीती असते. बाळंतिणीसाठी द्यायचंच तर दुहेरी मऊ दुपटी द्या, बाळाला गुंडाळून मांडीवर घ्यायला किंवा तेल लावताना खाली घालायला. गोधडी आईला द्या. तिला कुणी काही देत नाही.

*

काकू, साष्टांग नमस्कार.

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत चढलं होतं. मी इकडे फोन धरून बसलेलो, आईवडील माळ्यावर. पाणी उतरल्यावर घरातल्या पाचही कापसाच्या गाद्या रस्त्यावर टाकाव्या लागल्या. कापसात गाळ शिरला की गोळे होतात, ती पुन्हा गादी होत नाही. आजीच्या दोन वाकळा मात्र आईनं पुन्हा पुन्हा धुतल्या, आणि त्या आजही वापरात आहेत. कापसाची पट्टी नको हे तुम्ही लिहिलंत ते अगदी पटलं.

मला शिवता येत नाही. कोऱ्या कापडाचा खर्च माझ्याकडे लागला. आणि काकू, एक विचारतो, राग मानू नका. तुमच्याबरोबर बसणाऱ्या गावातल्या बायका आंबे उतरायच्या दिवसांत मजुरी सोडून येणार. आमच्या मंडळातल्या ताया हौसेनं बसतील, पण त्यांचा तर रोज बुडेल ना?

*

काकू,

तुमचं सगळं मान्य, पण मन थोडं खट्टू झालं. वर कोरं कापड घातलं तर ती गोधडी कसली? माझ्या आजोळी आडिवऱ्याला मामा मुंबईच्या गिरणीत होता. गणपतीला येताना तो गिरणीतले तुकडे आणायचा, नाना रंगांचे. १९८२ चा संप झाला आणि तुकडे यायचे थांबले. मामीनं शेवटच्या पिशवीतून केलेल्या गोधडीत मी बोट ठेवून रंग मोजत झोपायचे. ठिगळं नसतील तर लहान मूल मोजणार काय?

आडिवऱ्याची भाची

*

भाचीबाई,

तू म्हणतेस ते मी विसरले होते, बरं झालं आठवण दिलीस. मामा आणायचा ते तुकडे जुने नव्हते, गिरणीतले कोरे होते. तसेच कोरे तुकडे शिंप्याकडे मिळतात. ब्लाउज आणि परकर बेतून उरलेले सुती तुकडे आमच्याकडचे दोघं शिंपी आनंदानं देतात, नाहीतर ते जाळतात. तेव्हा वरचा थर तुकड्यांचा करू, आणि आतल्या जुन्या साड्या कुणाच्या ते घेणारीला सांगू. मुलींच्या वसतिगृहाला देऊ त्या सगळ्या ठिगळांच्याच करू. तिथल्या अधीक्षिकाबाईंशी मी काल बोलले. मुलींना गोधडीवर एका कोपऱ्यात आपलं नाव टाक्यात हवं आहे, म्हणजे धुण्यात अदलाबदल होत नाही. हे माझ्या कधीच डोक्यात आलं नसतं. नावं मिळाली की कळवते.

चिपळूणचे भाऊ, राग कसला? तुम्ही बरोबर बोललात. पहिली दोन वर्षं मी त्यांना नुसती बसवून घेतलं, चहा-पोह्यांवर, आणि त्या भिडेनं आल्या. ती माझी चूक. गेल्या वर्षापासून तिघींना बागेतल्या रोजाइतके पैसे देते. तुम्ही कापडाऐवजी या मजुरीचं बघितलंत तर जास्त बरं होईल. कापड आम्ही बघू.

परिचारिकाताई, बाळंतिणीचं तुमचं वाक्य आमच्या सगळ्यांना वाचून दाखवलं. आरोग्य उपकेंद्रातल्या सेविकेला विचारून मे-जूनमध्ये बाळंत होणाऱ्या किती आहेत ते बघते.

सूनबाई, जूनचा पाऊस धरायच्या आत सगळ्या गोधड्यांना चार कडक उन्हं मिळायला हवीत, म्हणून २० मेच्या पुढे नवी सुरू करायची नाही. सकाळी साडेसात ते साडेदहा बसू, नंतर खळं तापतं. साड्या सहा-सातच आण, सुती, नऊवारी असतील तर उत्तम. उरलेल्या बॅगेत सुया आण. लांब, जाड, मोठ्या डोळ्याच्या, आणि भरपूर. इथे खाऱ्या हवेनं महिन्याभरात गंजतात, मग कापडावर तांबडे डाग पडतात. मेणाचा एक लहान गोळाही आण, दोऱ्याला लावायला.

काकू