थार रॉक्स ४x४ चिखलात कशी चालते? मदत हवी आहे

मंडळी, महिंद्राची पाच दारांची थार रॉक्स ४x४ (चारही चाकांना ताकद मिळणारी) घ्यायचं जवळपास पक्कं होत आलंय, पण एक शंका काही केल्या जात नाहीये. आमचं गाव वेल्ह्याकडे, पावसाळ्यात शेवटचा रस्ता म्हणजे नुसता लाल चिखल नि मधे दोन ओढे. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४५० मिमी, रॉक्सचा थेट २८५०, मग उंचवट्यावर पोट घासत असणार ना? मागे आई-बाबा बसणार म्हणून पाच दारं हवीतच, त्यात तडजोड नाही. रॉक्समधे ४x४ फक्त डिझेलला मिळतं, ते मला चालेल, उलट बरंच.

फोर्सची गुरखा पाच दारी पण बघितली, पुढे-मागे दोन्हीकडे डिफ लॉक (एक चाक नुसतं फिरत राहिलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारं लॉक) आहे, मनापासून आवडली, पण ऑटोमॅटिक नाही आणि रोज पुण्याच्या ट्रॅफिकमधे क्लच दाबत बसणं बायकोला नको वाटतंय, ते बरोबरच आहे म्हणा. मारुतीची जिमनी हलकी, चिखलात मस्त, पण पाच माणसं आणि सामान?

कोणी रॉक्स ४x४ खऱ्या चिखलात नेलीये का? मागचा डिफ लॉक पुरतो का? आणि कंपनीच्या टायरवर भागतं की लगेच एटी (ऑल-टेरेन) किंवा एमटी (खास चिखलाचे, मड-टेरेन) टायर टाकावे लागतात? प्लीज स्वतः चालवलेल्यांनीच सांगा, शोरूमवाल्यांचं ऐकून झालंय.