प्रतिसाद: मचूळ विहीर आणि तुरटी
किनाऱ्यालगतच्या विहिरीचे मचूळ पाणी तुरटी फिरवून, उकळून गोडे होईल का, असा प्रश्न वर आला आहे; तसे ते होणार नाही. तुरटीने गाळ खाली बसतो, उकळल्याने जंतू मरतात, मीठ मात्र पाण्यातच राहते, किंबहुना वाफ गेल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. कोकणात पाऊस उदंड असला तरी सच्छिद्र जांभ्यातून पाणी झपाट्याने निघून जाते, आणि वैशाखात उपसा वाढला की खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा थर पातळ होतो. भूजलाची पातळी १ मीटर उतरली, तर खालची खारी सीमा कालांतराने सुमारे ४० मीटर वर सरकू शकते. म्हणून विहीर आणखी खोल खणणे (आमच्याकडे हाच सल्ला आधी मिळतो) उलटेच ठरते. उपसा आवरावा, आणि पावसाळ्यात पहिल्या सरी वाहू देऊन कौलांवरचे पाणी गाळून विहिरीत सोडावे.