मदत हवी आहे: आजोबांचा फोटो काही केल्या नीट येईना, रविवारी फ्लेक्स द्यायचाय

घाईतला_गडी: आजोबांची पंचाहत्तरी आहे. पत्रिकेला आणि फ्लेक्सला मिळून एकच चांगला फोटो पाहिजे. काल संध्याकाळी रंकाळा तलावावर नेऊन चाळीसेक काढले, एक धड नाही. कशात डोक्यातनं दिव्याचा खांब उगवलाय, कशात तोंडच काळं, जवळनं काढला तर नाक केवढं! फ्लेक्सवाला म्हणतोय, मागचं कापून बर्फाचे डोंगर लावतो. बॅकग्राउंड कसं निवडायचं ते पटकन सांगा.

शाहूपुरीकर: कॅमेरा कुठला? लेन्स? का मोबाईल? आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

घाईतला_गडी: मित्राचा कॅनन आहे. त्याच्याबरोबर मिळती तीच लेन्स.

पन्नास_एमएम: म्हणजे १८-५५ ची झूम. विषय संपला. ५० एमएम, १.८ घ्या. आकडा लहान तेवढं लेन्सचं भोक मोठं. मागचं लोण्यासारखं वितळतंय. मी घेतल्यापासून दुसरी लावलीच नाही.

शाहूपुरीकर: रविवारच्या आत लेन्स कुठनं आणायची, भावा? आणि १.८ ला जवळनं काढला तर डोळा शार्प आणि कान धुक्यात. आहे तीच लेन्स पूर्ण झूम करून ५५ वर ठेवा आणि चार पावलं मागं सरा. नाक लेन्समुळं नाही, तुम्ही दोन फुटांवर उभे राहिल्यामुळं मोठं आलंय. आजोबांना मागच्या झाडापासनं पंधरा-वीस फूट पुढं आणा, ५.६ लासुद्धा मागचं बऱ्यापैकी विरघळतं.

पन्नास_एमएम: बऱ्यापैकीच. १.८ ते १.८.

खिशातला_कॅमेरा: एवढी उस्तवार कशाला? मोबाईलचा पोर्ट्रेट मोड लावा, मागचं आपोआप धूसर करतो.

शाहूपुरीकर: तो फेट्याचा तुरा खातो. मोबाईलवर कळत नाही, आठ फुटी फ्लेक्सवर तुरा कुरतडल्यासारखा दिसतो. आमच्या भाच्याच्या लग्नात झालंय.

सरकारी_काम: पासपोर्टच्या फोटोला पार्श्वभूमी पांढरी लागते. चष्मा काढायचा, हसायचं नाही.

घाईतला_गडी: आजोबा कुठं परदेशी निघालेत?

पेठेतला_आण्णा: रंकाळ्यावर चौपाटीच्या बाजूनं काढले असणार. संध्याकाळी सूर्य शालिनी पॅलेसच्या अंगाला मावळतो, म्हणजे आजोबांच्या पाठीमागं. तोंड काळंच येणार! तिथंच सकाळी सातला जा, ऊन तुमच्या पाठीशी, उजेड त्यांच्या तोंडावर. आणि पाण्याची पलीकडची कड गळ्यातनं जाऊ देऊ नका, मान कापल्यासारखी दिसती. थोडं खाली बसा, कड खांद्याच्या खाली जाते का बघा. येताना मिसळ खाऊन या.

कट_पातळ: कुठली? आता पूर्वीसारखी कुठंच राहिली नाही.

(पुढचे अकरा प्रतिसाद मिसळीवर. ज्यांना वाचायचे त्यांनी वाचावेत.)

डार्करूम१९८४: मिसळ झाली असेल तर एक विचारतो. आजोबा काय करायचे?

घाईतला_गडी: पैलवान होते की. सांगितलं नव्हतं काय? खासबागेच्या कुस्ती मैदानात लढलेत.

डार्करूम१९८४: हे तीस प्रतिसादांनंतर सांगताय! पैलवान माणसाला तळ्याकाठी कशाला उभं केलंत? कुस्तीत मोडतात तसे कान मोडलेत का?

घाईतला_गडी: दोन्ही. डावा जास्त.

डार्करूम१९८४: मग फोटो त्या कानाचा आहे. त्यांच्या तालमीत न्या. कुस्तीच्या मातीच्या हौद्यात नको, आत अंधार असतो. दाराच्या उंबऱ्याशी बसवा, तोंड बाहेर. अंगावर थेट ऊन नको, नुसता आकाशाचा उजेड. मागं अंधारात माती आणि भिंतीचा मारुती पुसट दिसेल, तेवढाच दिसू दे. मान जराशी त्यांच्या उजवीकडं वळवा, म्हणजे डावा कान तुमच्याकडं येईल. ते बघतील त्या बाजूला जागा मोकळी सोडा, नाव तिथंच बसेल. तुम्हीही खाली बसा, लेन्स त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. फोकस जवळच्या डोळ्यावर. मागच्या अंधारानं कॅमेरा फसतो आणि चेहरा पांढराफटक करतो, म्हणून एक्सपोजर, म्हणजे उजेडाची मात्रा, एक घर उणे.

आपल्या कोल्हापुरात हे शिकवायला लागावं याचं नवल वाटतं. सिनेमात रंगवलेले पडदे सोडून खरे सेट उभे केले ते बाबूराव पेंटरांनी, इथंच. त्यांच्या कॅमेऱ्याचा स्तंभ खरी कॉर्नरला आहे, तिथनं रोज जाता येता. आणि तुम्ही बर्फाचे डोंगर लावताय.

खिशातला_कॅमेरा: डोंगर फ्लेक्सवाला लावतोय, ते नव्हे.

पेठेतला_आण्णा: खासबाग शाहू महाराजांनी १९१२ ला बांधलं. पाठीमागच्याला पुढच्याचं डोकं आडवं येत नाही. कॉम्पोझिशन म्हणतात ते हे.

घाईतला_गडी: जाऊन आलो. रंकाळ्यावर दहा मिनिटांत "बास" म्हणणारा माणूस तालमीत दीड तास हलला नाही. फोटो काढतोय हेच विसरले, आतल्या पोरांना ओरडत होते, "पाय बघ, पाय!" तेवढ्यात एक घावला. कानाची एकेक घडी दिसतीय. फक्त मागं एक पोरगं जोर मारताना अर्धं आलंय. आजीचं म्हणणं, हसले का नाहीत.

पन्नास_एमएम: १.८ असती तर पोरगं दिसलंच नसतं.

घाईतला_गडी: पोरगं राहू दे म्हणालेत आजोबाच. आता तेवढं फ्लेक्सवाल्याला कसं समजवायचं ते सांगा. तो अजून डोंगरावरच अडलाय.