नोंद हवी, पण करारनामाच का?

मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांनी, म्हणजे ज्यांचा कोड कोणीही वापरू व बदलू शकतो अशा प्रकल्पांनी, करारनाम्यावर सही घेतल्याशिवाय कोणाचाही कोड स्वीकारू नये, अन्यथा पुढे हक्कांचा वाद उद्भवेल, असे काही जण म्हणतात; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. कोड देणाऱ्याला तो देण्याचा अधिकार आहे याची नोंद हवीच. मात्र लिनक्स कर्नलने (लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याच्या प्रकल्पाने) २००४ पासून हे काम 'डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन'वर, म्हणजे 'हा कोड देण्याचा अधिकार मला आहे' अशा छोट्या हमीपत्रावर भागवले आहे, ज्यात प्रत्येक बदलाच्या संदेशाखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' ही एक ओळ पुरते आणि कमिट करताना, म्हणजे बदल नोंदवताना, 'साइनऑफ' हा पर्याय दिला की गिट हे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन ती स्वतःच लिहिते. गिटलॅब या कोड ठेवण्याच्या व्यासपीठानेही २०१७ मध्ये करारनामा सोडून हीच पद्धत स्वीकारली.

इंदूरला आम्ही काही मराठी मंडळी रविवारी विद्यार्थ्यांना मुक्त सॉफ्टवेअरचे काम शिकवतो. तेथील एका मुलीने एका प्रकल्पाच्या मराठी भाषांतरात 'दुसर्या' असे छापलेले 'दुसऱ्या' केले. दुरुस्ती एका शब्दाची, परंतु करारनाम्यात नोकरी देणाऱ्या संस्थेचे नाव भरणे सक्तीचे होते आणि ती तर अजून शिकत होती. विचारणा करूनही उत्तर आले नाही, तिने तो नाद सोडला, आणि त्या पडद्यावर आजही 'दुसर्या' असेच दिसते.